पिशवीवरचे नाव आणि ग्राहकाचे मन

मृग नक्षत्र जवळ आले की हिंगणघाट, देवळी, आर्वी, पुलगाव अशा आपल्या जिल्ह्यातील बाजारगावांत कृषी केंद्रांपुढे गर्दी होऊ लागते. दुकानात शिरलेला शेतकरी “कपाशीचे बियाणे द्या” एवढेच म्हणत नाही. तो नाव सांगून मागतो. अमक्या नावाची पिशवी हवी, चार हव्यात. ते नाव संपले असेल तर तो दुसरे दुकान गाठतो, प्रसंगी शेजारच्या तालुक्याला जातो. आणि कुणी छापील किमतीपेक्षा जास्त मागितले तर कुरकुरत का होईना, तेही देतो. त्याच दुकानात दुसऱ्या नावाच्या पिशव्या मात्र फळीवर तशाच पडून असतात.

विद्यार्थी मित्रांनो, या दोन पिशव्या शेजारी शेजारी ठेवून पाहू या. बीटी कपाशीला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. २००६ पासून दोन जनुके असलेले बियाणे आले. क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी ही त्या जनुकांची नावे. बोंडअळीला मारक ठरणारी प्रथिने ही जनुके झाडातच तयार करवितात. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक साऱ्या पिशव्यांत हीच दोन जनुके असतात, मग वर नाव कोणतेही असो. (गुलाबी बोंडअळी त्यांना जुमानेनाशी झाली, हे विदर्भाने २०१७ च्या हंगामात पाहिलेच आहे.) किमतीचेही तसेच. २०१५ साली निघालेल्या आदेशानुसार बियाण्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवून देते. २०२४ साली ४७५ ग्रॅमच्या पिशवीला ती ८६४ रुपये होती. म्हणजे जादा किंमत लावून आपल्या मालाचा मोठेपणा मिरवण्याची सोय कंपनीला नाही.

वाणावाणांत फरकच नसतो, असा याचा अर्थ नव्हे. बोंडाचा आकार, पीक हाती येण्याचा काळ, वेचणीची सोय, रस शोषणाऱ्या किडींना तोंड देण्याची ताकद यांत फरक असतो. पण तो पिशवीवरच्या चित्रावरून कळत नाही. जनुके तीच, किंमत जवळजवळ तीच, आणि आतील गुण पेरल्याशिवाय दिसत नाही. मग कंपन्यांची चढाओढ उरते ती एकाच गोष्टीची: नावाची. जुन्या भाषेत ज्याला आपण ‘छाप’ किंवा ‘मार्का’ म्हणत होतो आणि आता सर्रास ‘ब्रँड’ म्हणतो, त्याची.

ज्याला नाव विकायचे आहे त्याला घेणाऱ्याचे मन आधी वाचावे लागते. मन वाचतात म्हणजे नेमके काय करतात? ते मोजता येते का? आणि कंपनीला मोजता येत असेल, तर आपल्याला का येऊ नये? माझा विषय भौतिकशास्त्र. बाजार हा माझा प्रांत नव्हे. पण मोजमापाची गोष्ट निघाली की ती आमच्या प्रयोगशाळेत येतेच.

लोखंडाचे विष

प्रथम शंभर-सव्वाशे वर्षे मागे जाऊ. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे नाव तुम्हांला पंपावर वाचून माहीत असेल. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे छोटे दुकान काढले. काही वर्षे ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्र संस्थेत शिकवीत होते. पुढे बेळगावात कडबा कापण्याचे यंत्र आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर त्यांनी तयार केला.

यंत्र म्हणून हा नांगर सरस होता. लाकडी नांगर माती फोडतो, पण उलटत नाही. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळवलेला पत्रा असतो. कापलेला मातीचा पट्टा त्यावरून वर चढतो आणि उलटा होऊन पडतो. खालची माती वर येते, तण मुळासकट उपटले जाते. आपल्या काळ्या जमिनीत कुंदा आणि हरळी ज्यांनी काढली आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको.

तरी नांगर खपेना. लोखंडाने जमिनीला विष चढते, असे शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते.

येथे थोडे थांबून विचार करू. शेतकऱ्याला लोखंड नवे होते का? मुळीच नाही. लाकडी नांगराचा फाळ पिढ्यान्‌पिढ्या लोखंडाचाच होता. आपल्याकडच्या वखराची पासही लोखंडाचीच. शिवाय लोखंडाची संयुगे तर मातीत मुळातच भरपूर असतात. म्हणजे “लोखंडाने विष चढते” हे वाक्य शब्दशः घेऊन रसायनशास्त्राने खोडून काढणे सोपे होते; पण त्याने एकही नांगर जास्त खपला नसता. कारण माझ्या मते शेतकऱ्याची खरी भीती लोखंडाची नव्हतीच. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यावर नीट करून देई. लोखंडी मोडला तर कुणाकडे जायचे? लाकडी नांगराला रोख पैसा मोजावा लागत नसे, याला लागे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे नवे अवजार वापरून एक हंगाम फुकट गेला, तर तो परत आणता येत नाही. सावकार पुढल्या वर्षी मागचे पीक धरीत नाही. एवढी सारी धास्ती एका वाक्यात सांगायची तर माणूस म्हणतो, “जमिनीला विष चढेल.”

ग्राहक बोलतो ते एक आणि त्याला टोचते ते दुसरे, असे पुष्कळदा असते. या दोहोंमधले अंतर ओळखणे यालाच बाजारशास्त्रात ग्राहकाच्या मनाची जाण म्हणतात. त्यात फसवणूक असलीच पाहिजे असे नाही. वैद्यही रोग्याची तक्रार ऐकून रोग शोधतो. शेतकऱ्याच्या या धास्तीला उत्तर एकच होते, ते म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी वावरात तोच नांगर हंगामभर चाललेला दिसणे. पहिल्या गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागली ती यामुळेच, आणि एकदा नांगर शिवारात दिसू लागल्यावर तो झपाट्याने पसरला तोही यामुळेच. ‘शेतकरी शेजारच्या वावराकडे पाहतो’ हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

१९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिक सुरू केले. ते निघाले कारखान्याच्या मालाची माहिती पोचवायला. पण नुसती मालाची माहिती कोण वाचणार? वाचकाला वाचायला काही हवे होते. मराठीत त्या काळी मासिके थोडी होती. म्हणून मासिकात लेख आले, गोष्टी आल्या, चित्रे आली, आणि नांगराची जाहिरात त्यांच्या सोबतीने घरात शिरली. हळूहळू नावातली ‘खबर’ गळाली, ‘किर्लोस्कर’ राहिले; १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे आली. लोकांना जे हवे आहे ते आपण द्यावे आणि त्याच्या शेजारी आपले नाव उभे करावे, या पद्धतीला आज प्रायोजन म्हणतात. तो शब्द रूढ होण्याआधी किर्लोस्करवाडीत हे घडत होते.

कोलंबोहून वर्ध्यापर्यंत

प्रायोजनाचे याहून गाजलेले उदाहरण आकाशातून आले.

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. ते मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर चाहते. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते, आणि आकाशवाणीवर सिनेगीतांना कात्री लागली. लोकांना गाणी हवीच होती. ती मिळाली रेडिओ सिलोनवर. कोलंबोत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सैनिकांसाठी उभारलेल्या नभोवाणी केंद्राचा वारसा या केंद्राला मिळाला होता, आणि तेथे जाहिराती घेतल्या जात.

कोलंबो ते वर्धा हे अंतर सरळ रेषेत सुमारे १,५०० किलोमीटर आहे. लहरी सरळ रेषेत जातात, पृथ्वी मात्र गोल. १०० मीटर उंच मनोऱ्यावरून निघालेली सरळ लहर जमिनीच्या वक्रतेमुळे जेमतेम ३६ किलोमीटरवर क्षितिजाला टेकते. मग वर्ध्यात गाणे ऐकू कसे येई? रेडिओ सिलोनचा हिंदी विभाग २५ आणि ४१ मीटरच्या लघुलहरींवर लागे. प्रकाशाच्या वेगाला तरंगलांबीने भागले की कंप्रता मिळते: २५ मीटरला १२ मेगाहर्ट्‌झ, ४१ मीटरला सुमारे ७.३ मेगाहर्ट्‌झ. जमिनीपासून दोनशे-तीनशे किलोमीटर उंचीवर आयनांबराचा जो थर असतो, तो या कंप्रतेच्या लहरींना आरशासारखा खाली परतवतो. एका उडीत लहर समुद्र, तमिळ मुलूख आणि तेलंगण ओलांडून थेट आपल्या अंगणात उतरे. आयनांबर हलते असते, म्हणून आवाजही लाटेसारखा वरखाली होई. तुमच्या आजोबांना विचारा, ती घरघर त्यांना अजून आठवत असेल.

‘सीबा’ या स्विस कंपनीला भारतात ‘बिनाका’ टूथपेस्ट खपवायची होती. तिने दात, किडणे, पांढरेपणा यांवर व्याख्याने दिली नाहीत. लोकांची कोणती भूक भागत नाही, हे तिने हेरले. ३ डिसेंबर १९५२ रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक होते अमीन सयानी. टूथपेस्टचे नाव कार्यक्रमाच्या नावातच ओवले गेले. ज्याला गाणे आवडे त्याला ते नाव घेतल्यावाचून कार्यक्रमाविषयी बोलताच येत नसे!

सुरुवातीला सात गाणी वाजवून ती योग्य क्रमाने लावून पाठवा, अशी स्पर्धा होती. बक्षीस १०० रुपये. पत्रांचा अक्षरशः पाऊस पडला. सात गाणी किती क्रमांनी लावता येतात? ७×६×५×४×३×२×१ म्हणजे ५,०४०. दहा हजार माणसांनी डोळे मिटून क्रम लिहिला, तर सरासरीने दोघांचेच उत्तर बरोबर येईल. तेव्हा बरोबर उत्तरे त्याहून पुष्कळ जास्त आली तर काय समजायचे? लोक मन लावून ऐकतात. स्पर्धा ही श्रोत्याला गंमत होती आणि प्रायोजकाला मोजपट्टी.

पुढे गाण्यांचा क्रम रेकॉर्डच्या विक्रीवरून आणि गावोगावच्या श्रोता संघांनी कळवलेल्या पसंतीवरून ठरू लागला. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने या दोन पद्धतींकडे नीट पाहावे. दुकानात रेकॉर्ड संपली तर विक्री शून्य दिसते, मग गाणे कितीही लोकप्रिय असो. उलट श्रोता संघात उत्साही मंडळीच जास्त. दोन्ही मापांत चूक आहे, पण ती एकाच दिशेची नाही. वेगळ्या चुका असलेल्या दोन उपकरणांनी एकच राशी मोजणे ही आमच्या प्रयोगशाळेतली जुनी युक्ती.

आकाशवाणीलाही हे उमगले. १९५७ साली विविध भारती आली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून. दूरदर्शनवर जाहिराती आल्या १९७६ साली. १९८४ मध्ये ‘हम लोग’ ही मालिका लागली तेव्हा तिच्यामागे मॅगी होते. शाळेतून आलेले मूल “भूक लागली” म्हणते आणि आईला वेळ नसतो, हा क्षण पकडून ‘दोन मिनिटे’ हे शब्द घरोघरी गेले. त्याच वर्षी ‘ये जो है जिंदगी’ ही विनोदी मालिका विकोने प्रायोजित केली. विकोचे संस्थापक केशव विष्णू पेंढरकर हे नागपूरहून मुंबईला गेलेले. १९५२ साली त्यांनी कंपनी काढली. नांगराच्या आणि यांच्या गोष्टीतला फरक पाहा. किर्लोस्करांना ग्राहकाच्या मनातली धास्ती दूर करायची होती. विकोने हळदीचे मलम काढले तेव्हा त्यांना नवे काही पटवायचे नव्हते. लग्नात नवरीला हळद लावतात, हे घरोघर ठाऊक होते. जाहिरातीत तीच हळद दाखवली की काम झाले. विश्वास तयार होता, नाव फक्त त्याला चिकटवायचे होते. मात्र एक भान ठेवा: हळदीच्या समारंभावरची श्रद्धा हा मलमाच्या गुणाचा पुरावा नव्हे. तो वेगळा तपासावा लागतो.

शितावरून भाताची परीक्षा

आता पत्रांकडे परत येऊ. टपालाच्या पिशव्या भरून पत्रे आली, म्हणून देशातल्या सगळ्यांचे मन कळले का?

पत्र कोण लिहितो? ज्याला लिहिता येते, ज्याच्या घरी किंवा शेजारी रेडिओ आहे, ज्याला टपालाचा खर्च परवडतो आणि ज्याला फार आवडले किंवा फार नावडले. बाकीचे गप्प. आजही वर्तमानपत्रातल्या कूपनावरून किंवा मोबाइलवरच्या चांदण्यांवरून लोकमत काढतात, त्यात हाच दोष असतो.

या दोषाचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले आहे. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. तेवीस लाखांहून जास्त परत आल्या. त्यांवरून त्यांनी लँडन निवडून येणार असे छापले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड मतांनी आले. जॉर्ज गॅलप यांनी मात्र त्या मानाने मूठभर लोकांना विचारून रूझवेल्टच येणार असे सांगितले होते. साप्ताहिकाची पत्त्यांची यादी टेलिफोन आणि मोटारी असणाऱ्यांची होती, आणि त्यांतूनही ज्यांना कळकळ होती त्यांनीच उत्तरे दिली.

शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्याला आजीने शिकवले आहे. पण आजी आधी पळी घालून भात हलवते, मग शीत काढते. न हलवता वरचे शीत काढले तर बुडाशी करपलेले कळत नाही. नमुना पाहणीचे सारे शास्त्र या हलवण्यात आहे. प्रत्येक माणूस निवडला जाण्याची संधी सारखी असेल, तर तो नमुना यादृच्छिक झाला. असा १,००० जणांचा नमुना घेतला, तर ‘किती टक्के लोकांना हे आवडते’ या प्रश्नाच्या उत्तरात साधारण तीन टक्क्यांची चूक संभवते. विशेष म्हणजे पातेले मोठे असो की लहान, तीच एक पळी पुरते. वर्धा जिल्ह्यासाठी आणि साऱ्या महाराष्ट्रासाठी १,००० चा नमुना जवळपास सारखाच काम देतो. चूक निम्मी करायची तर मात्र माणसे चौपट लागतात. बाजार पाहणी करणाऱ्या संस्था एवढ्या थोड्या लोकांना विचारून एवढे धीटपणे बोलतात, त्याचे इंगित हे आहे.

रस्त्याकडेचे वावर

आता पुन्हा कपाशीकडे. बियाणे कंपन्यांना काय कळलेले आहे? तेच, जे लोखंडी नांगराच्या वेळी दिसले: शेतकरी शेजारच्या वावराकडे पाहतो. जाहिरातीतल्या नटावर तो हसतो; पण रस्त्याने जाताना बोंडांनी लगडलेली पऱ्हाटी दिसली की सायकल थांबवतो. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात रस्त्याकडेच्या एखाद्या वावरात वाणाच्या नावाची पाटी उभी राहते. गाडी भरून शेतकऱ्यांना तेथे नेतात, चहा-नाश्ता होतो, फोटो निघतात. गावच्या कबड्डीच्या सामन्यांना, टेनिस चेंडूच्या क्रिकेटला, तान्ह्या पोळ्याच्या बक्षिसांना कुणाच्या ना कुणाच्या नावाचा फलक लागतो. गीतमालेचेच तत्त्व, फक्त गाण्याच्या जागी गावचा आनंद आहे.

यात वाईट काय? सामन्यांना पैसा मिळाला तर चांगलेच आहे. अडचण त्या रस्त्याकडेच्या वावराची आहे. ते वावर कुणी निवडले? बहुधा विकणाऱ्याने. जमीन भारी, विहिरीचे पाणी हाताशी, खताचा हात सैल, मालक मेहनती. तेथे दुसरे कोणते वाण लावले असते तर ते किती आले असते, हे कुणीच पाहिलेले नसते. आपण वाणाचा गुण पाहतो आहोत असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात जमीन, पाणी, खत आणि वाण यांची बेरीज पाहतो. एका समीकरणात चार अज्ञात राशी असताना एकीची किंमत काढावी, तसे हे आहे. न हलवता काढलेले शीत!

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ ग्लेन स्टोन यांनी कपाशीच्याच वरंगळ जिल्ह्यात शेतकरी बियाणे कसे निवडतात याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला; त्यांचा लेख २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यांना दिसले ते असे: एखादे वर्ष सारे गाव एका नावावर तुटून पडते, शेजारचे गाव दुसऱ्याच नावावर, आणि दोन-तीन वर्षांत दोन्ही नावे मागे पडून तिसरेच पुढे येते. या लाटांचा उत्पन्नाशी मेळ लागेना. प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहत होता आणि शेजारी याच्याकडे. पारख करून निवडण्याची सवय मोडत चालली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. विहिरीत दोर सोडण्याऐवजी सगळेच एकमेकांना पाणी किती खोल आहे असे विचारत बसावेत, तशी ही गत. वरंगळ वर्ध्यापासून फार लांब नाही, आणि आपल्या दुकानांपुढची जूनमधली रांग पाहिली की ते निष्कर्ष मला परके वाटत नाहीत. बियाणे चुकले तर पैसे परत मिळण्याचा मार्ग लांबचा. हंगाम तर जातोच.

उपाय शेतीच्याच एका प्रयोगशाळेत सापडला आहे. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे रोनाल्ड फिशर १९१९ साली रुजू झाले. एकाच शेतात हातभर अंतरावर जमिनीचा कस बदलतो, हे त्यांच्यापुढचे कोडे होते. त्यांनी सुचवलेला मार्ग सोपा आहे: तुलना एकाच वावरात करा, अनेकदा करा आणि कोणते वाण कोठे लावायचे हे स्वतः ठरवू नका, नाणे उडवून ठरवा. तुमच्या घरी दोन नावांच्या पिशव्या आल्या असतील तर वडिलांना विचारून हे करता येईल. चार-चार तासांचे बारा पट्टे आखा. दोन-दोन पट्ट्यांच्या सहा जोड्या होतील. प्रत्येक जोडीत डावीकडे कोणते वाण, ते नाण्यावर ठरवा. पाणी, खत, फवारणी सारखी. वेचणीला दर पट्ट्याचा कापूस वेगळा तोला आणि वहीत लिहा. दोन्ही वाणे सारखीच असतील तर सहाही जोड्यांत एकच वाण वरचढ ठरण्याची संभाव्यता ३२ मध्ये १ एवढीच आहे. तसे घडले तर त्या वहीतल्या पानाला रस्त्याकडेच्या पाटीपेक्षा जास्त वजन आहे. सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था यांच्या शेतांवरच्या चाचण्यांमागे हेच तत्त्व असते. तिथले आकडे मागून पाहण्याची सवय शिक्षकांनी विद्यार्थ्यांना जरूर लावावी.

करून पाहा

हंगामापर्यंत थांबायचे नसेल तर वर्गातही प्रयोग करता येतो. एक नामांकित कंपनीची आणि एक गावच्या बेकरीतली, अशी दिसायला सारखी साधी बिस्किटे आणा. त्यांचे तुकडे करा म्हणजे ठसा दिसणार नाही. (कुणाला गहू किंवा दूध चालत नसेल तर त्याला नोंदी ठेवायला बसवा.)

पहिला भाग. प्रत्येकाला तीन तुकडे द्या; दोन एका प्रकारचे, एक दुसऱ्या प्रकारचा. वेगळा कोणता ते ओळखायचे. कुणाला कोणता क्रम द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. तुकडे देणाऱ्यालाही कोणता कुठला ते माहीत नसावे, नाही तर त्याचे डोळेच उत्तर सांगतात. ३० विद्यार्थी असतील तर निव्वळ अंदाजाने १० जणांचे उत्तर बरोबर येईल. १५ किंवा त्याहून जास्त आले तरच जिभेला फरक कळतो असे म्हणा. फिशरनी अशीच परीक्षा एका बाईंच्या चहाची घेतली होती: आठ पेल्यांपैकी दूध आधी घातलेले चार कोणते? अंदाजाने चारही बरोबर ओळखण्याची संभाव्यता ७० मध्ये १ आहे. ते गणित वहीत करून पाहा.

दुसरा भाग जास्त गमतीचा. आता बेकरीचेच बिस्किट दोन ताटल्यांत ठेवा. एका ताटलीवर नामांकित कंपनीची चिठ्ठी, दुसरीवर बेकरीची. प्रत्येकाला दोन्हींतले खाऊ घालून विचारा, जास्त चवदार कोणते? ताटल्यांची डावी-उजवी बाजू मधूनमधून बदला. चिठ्ठीचा काही परिणाम नसेल तर ३० पैकी १५ च्या आसपास मुले नामांकित चिठ्ठी निवडतील. २१ किंवा जास्त निघाली, तर जिभेने जे सांगितले त्यात चिठ्ठीचाही वाटा आहे, आणि तो किती ते तुमच्यापुढे आकड्यात आहे. प्रयोग संपल्यावर दोन्ही ताटल्यांत एकच बिस्किट होते हे सर्वांना सांगा. आकडा १७ किंवा १८ आला तर मात्र कोणताही निष्कर्ष काढू नका. शेजारची तुकडी बोलवा आणि ६० विद्यार्थ्यांवर प्रयोग पुन्हा करा.